आंबोली: बेळगाव–वेंगुर्ला रस्त्याने घडवलेले थंड हवेचे ठिकाण

बेळगावच्या मराठी माणसाला आंबोली नव्याने सांगावी लागत नाही. हिंडलगा मागे पडले, शिनोळीजवळ राज्याची हद्द ओलांडली आणि पाटणे फाटा गेला, की पुढचा रस्ता आंबोलीचा, हे इथल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. गावाचा इतिहास मात्र ‘इंग्रजांनी वसवलेले थंड हवेचे ठिकाण’ एवढ्या एका वाक्यात आटोपला जातो. हे वाक्य खोटे नाही, परंतु त्यातून उभा राहणारा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याच सह्याद्रीत आणि त्याच मुंबई सरकारच्या अमलात महाबळेश्वर इलाख्याच्या सरकारचे उन्हाळी ठिकाण झाले, माथेरानला स्वतःची छोटी रेल्वे मिळाली, आणि आंबोली मात्र घाटमाथ्यावरचे गाव आणि त्याच्या कडेला मोजके बंगले एवढ्यावरच थांबली. असे का झाले?

सर्वसाधारण उत्तर पावसाचे दिले जाते. आंबोलीचा पाऊस प्रचंड आहे यात वाद नाही. वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारे हे गाव राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडते. परंतु महाबळेश्वरचा पाऊसही साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि तेथील बंगल्यांना त्यामुळे बाधा आली नाही, कारण पावसाळ्यात तेथे कोणी राहतच नसे. जूनच्या मध्याला सामान बांधून सगळे खाली उतरत. तेव्हा पावसाचे कारण पुरेसे नाही. माझ्या मते खरे कारण आंबोलीच्या जन्मातच आहे. या गावाला थंड हवेने नव्हे, एका रस्त्याने मोठे केले. त्या रस्त्याचे काम होते तोवर आंबोलीला भवितव्य होते आणि रस्त्याचे काम दुसऱ्या कोणी उचलल्यावर ते भवितव्य आटले. हे म्हणणे नीट तपासायचे, तर बेळगाव, वेंगुर्ला आणि सावंतवाडी या तिन्ही टोकांकडून पाहावे लागते.

छावणीला समुद्र हवा होता

एप्रिल १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर बेळगावचा किल्ला घेतला. पुढच्या काळात शहराच्या पश्चिमेला लष्करी छावणी, म्हणजे आजचा कॅम्प, वाढत गेली आणि १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा काढलेला बेळगाव जिल्हा अस्तित्वात आला. कोल्हापूर, सावंतवाडी आणि पोर्तुगीजांचा गोवा या तिन्हींवर एकाच वेळी नजर ठेवता येईल अशी ही जागा होती, त्यामुळे दक्षिणेकडील लष्करी व्यवस्थेत तिला वजन आले. एवढ्या मोठ्या छावणीला दारूगोळा, लोखंडी सामान, कापड, औषधे, विलायती खाद्यपदार्थ आणि टपाल यांचा सतत पुरवठा लागे. हे सगळे मुंबईहून यायचे.

मुंबईहून बेळगावला जमिनीवरून येणे त्या काळी सोपे नव्हते. आधी बोरघाट चढायचा, मग पुण्याहून दक्षिणेला कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा आणि हिरण्यकेशी ओलांडत बैलगाडीने मजल दरमजल करायची. पूल नसत आणि पावसाळ्यात नद्या दिवसचे दिवस वाट अडवत. त्यापेक्षा मुंबईहून गलबताने आणि नंतर आगबोटीने वेंगुर्ल्याला उतरणे आणि तेथून घाट चढून बेळगाव गाठणे फार जवळचे होते. वेंगुर्ला ते बेळगाव हे अंतर आजच्या रस्त्याने सुमारे १२० किलोमीटर आहे.

वेंगुर्ला इंग्रजांच्या हाती बेळगावच्याही आधी आले होते. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली होती; १८१२ मध्ये सावंतवाडीकरांना हे बंदर इंग्रजांना द्यावे लागले. त्यामुळे १८१८ नंतर या मार्गाची दोन्ही टोके एकाच सत्तेकडे होती आणि मधला डोंगर व त्याखालचा मुलूख सावंतवाडी संस्थानाचा होता. वेंगुर्ल्यातही एका भागाला कॅम्प म्हणतात आणि बेळगावातही कॅम्प आहे. एका रस्त्याच्या दोन टोकांना एकच नाव असणे ही या सगळ्या व्यवहाराची टिकून राहिलेली सर्वांत ठळक खूण आहे.

घाट चढायच्या जुन्या वाटा अनेक होत्या. त्यांतला रामघाट हा प्रमुख. चंदगडच्या बाजूने दोडामार्गाच्या मुलखात उतरणारा. बेळगावच्या कॅम्पातून गणेशपूरकडे जाणारा रस्ता आजही रामघाट रोड म्हणून ओळखला जातो, यावरून त्या वाटेचे एकेकाळचे महत्त्व कळते. परंतु अशा वाटांची चढण भरलेल्या गाड्यांना फार कठीण असे आणि माल पाठीवर वाहणाऱ्या बैलांवर अवलंबून राहावे लागे. लमाणांच्या तांड्यांनी मिठाची पोती घाटमाथ्यावर आणावीत आणि धान्याची पोती खाली न्यावीत, हा व्यापार शतकानुशतके असाच चालत होता. भरलेली गाडी चढेल असा वळणावळणांचा रस्ता पारपोली गावाच्या अंगाने काढला गेला, आणि हाच आजचा आंबोली घाट.

या रस्त्याने आंबोलीचे भाग्य बदलले, आणि ते कसे बदलले हे समजून घ्यायला बैलगाडीचा हिशेब पुरेसा आहे. भरलेली गाडी सपाटीवर दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाते. वेंगुर्ल्याहून निघालेली गाडी पहिल्या टप्प्यात सावंतवाडी गाठते, दुसऱ्या टप्प्यात दाणोलीच्या बाजूने घाटाचा पायथा. त्यानंतर चढ सुरू होतो. चढाला पुढे जादा बैलजोडी लावावी लागते, गाड्या थांबत थांबत वर येतात, आणि माथ्यावर पोचल्यावर जनावरांना वैरण, पाणी आणि एक रात्र विश्रांती दिल्यावाचून गाडीवान पुढे जाऊच शकत नाही. बेळगावहून उतरणाऱ्या गाडीलाही घाट दिवसाउजेडीच उतरायचा असल्याने आदली रात्र माथ्यावरच काढावी लागे. म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही गाड्यांचा मुक्काम एकाच गावात. आंबोलीला पाणी होते, जनावरांना चरायला पठार होते. जांभ्या दगडाच्या त्या सपाटीवर तळ पडला आणि मुक्कामाचे ठिकाण म्हणून गाव मोठे झाले.

कॅम्पातील साहेबांचे सामान येई त्याच रस्त्याने खालून मीठ, नारळ आणि सुके मासे वर येत आणि वरून कापूस, गूळ, धान्य खाली जात. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत विलायतेतील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा धारवाड-बेळगाव भागातील कापसाला विलक्षण भाव आला आणि किनाऱ्यावरच्या कुमठा, कारवार, वेंगुर्ला या बंदरांकडे जाणाऱ्या घाटवाटांचे मोल वाढले. या व्यापाराला एक ठराविक हंगाम होता. पावसाळ्याच्या तोंडाला बंदर बंद होई, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाल्यावर गलबते पुन्हा सुटत, आणि कार्तिकापासून वैशाखापर्यंत घाट गाड्यांनी भरलेला असे. थंड हवेच्या ठिकाणाचा हंगाम, म्हणजे मार्च अखेरपासून जूनपर्यंतचा काळ, नेमका या व्यापारी हंगामाच्या शेवटच्या भागाला जुळणारा होता. रस्ता चालू, गाड्या चालू, पुरवठा चालू. अशा वेळी माथ्यावर बंगला बांधून राहणे एखाद्या अधिकाऱ्याला सहज शक्य होते.

कोणासाठी थंड?

आंबोलीच्या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी साधी आहे, आणि तरीही ती फारशी बोलली जात नाही. आंबोलीची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६९० मीटर आहे. बेळगाव शहराची उंची साधारण ७५० मीटर आहे. म्हणजे ज्या मोठ्या छावणीसाठी हा रस्ता झाला, त्या छावणीपेक्षा हे ‘थंड हवेचे ठिकाण’ खाली आहे. बेळगावहून आंबोलीला जाणारा माणूस डोंगर चढत नाही, तो घाटमाथ्याच्या कडेपर्यंत चालत जातो आणि तेथून खाली कोकण पाहतो.

हवा उंचीबरोबर थंड होत जाते. ढोबळ मानाने दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश सेल्सिअस. या हिशेबाने वेंगुर्ल्याच्या दमट उकाड्यातून आंबोलीला आलेल्या माणसाला चार-साडेचार अंशांचा फरक पडतो, आणि त्यावर घाटमाथ्याचा वारा असतो तो वेगळाच. बेळगावच्या माणसाला मात्र उंचीमुळे काहीच मिळत नाही. तुलनेसाठी महाबळेश्वर पाहावे. ते सुमारे १३७० मीटरवर आहे. पुण्याच्या मानाने ८०० मीटरने आणि मुंबईच्या मानाने पूर्ण १३७० मीटरने उंच. पुणेकर आणि मुंबईकर या दोघांनाही तेथे जाऊन निर्विवाद फायदा होता. माथेरान सुमारे ८०० मीटरवर, परंतु त्याच्या पायथ्याशी नेरळ आणि जवळ साक्षात मुंबई. कोल्हापूरच्या रेसिडेन्सीतील मंडळींना पन्हाळा होता, तोही कोल्हापूरपेक्षा सुमारे ४०० मीटरने उंच. प्रत्येक ठिकाणी खाली राहणारे, उन्हाने त्रासलेले आणि खर्च करू शकणारे लोक होते आणि त्यांच्या डोक्यावर थंड डोंगर होता.

बेळगावच्या छावणीला असा डोंगर लागलाच नाही, कारण छावणी स्वतःच पठारावर होती. एप्रिलमध्ये दुपार तापते हे खरे, परंतु संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, वळवाचे दोन पाऊस झाले की मे महिनाही सुसह्य होतो. कॅम्पातील झाडीखालचे ऐसपैस कौलारू बंगले हेच येथल्या अधिकाऱ्यांचे उन्हाळी घर होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसांनी हवेसाठी बेळगावात घर करायचे ही प्रथा पुढे कितीतरी वर्षे चालली. आमच्या शहराच्या टिळकवाडीसारख्या वस्त्यांना त्या प्रथेनेही हातभार लावला. तेव्हा या रस्त्यावरील जी सर्वांत मोठी, सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत मोठ्या गोऱ्या वस्तीची जागा होती, तिला आंबोलीच्या थंडाव्याची गरज नव्हती. गरज होती ती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, सावंतवाडी आणि वेंगुर्ला येथे. आणि तेथे लोक थोडे होते.

एका संस्थानाचा मोजका कारभार

सावंतवाडी संस्थानाचा कारभार १८३८ मध्ये इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. त्यानंतर तेथील खरी सत्ता इंग्रज राजकीय अधिकाऱ्याकडे होती, आणि संस्थानिक घराणे दीर्घकाळ नावापुरते उरले. ही घडी सहज बसली नाही. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे, म्हणजे गडांवरील शिबंदीचे, बंड झाले, सामानगडापासून पेटलेली आग सावंतवाडीच्या डोंगरांत पसरली, फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांच्या साथीदारांनी मनोहर-मनसंतोष गडांचा आसरा घेतला, आणि हे गड १८४५ च्या आरंभी इंग्रजांच्या हाती पडले. मोहिमेत जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याचा भाग होता. बंडखोरांपैकी अनेकांनी गोव्यात आश्रय घेतला. आंबोलीच्या आसपास महादेवगड आणि नारायणगड यांची नावे आजही आहेत. घाटवाटांवर नजर ठेवण्याची जुनी व्यवस्था काय होती हे त्यांवरून कळते. जंगलाने भरलेल्या या मुलखात फौज लवकर उतरवता यावी, ही गोष्ट इंग्रजांच्या मनात या बंडाने पक्की केली असली पाहिजे, असे माझे अनुमान आहे. बेळगावच्या छावणीतून निघालेली पलटण चांगल्या रस्त्याने घाटमाथ्यावर येऊन सावंतवाडीत उतरणे ही केवळ व्यापाराची सोय नव्हती.

१८८० च्या सुमारास कर्नल वेस्ट्रॉप या राजकीय अधिकाऱ्याने आंबोलीला थंड हवेचे ठिकाण म्हणून आकार दिला, असे मानले जाते. वेस्ट्रॉप सावंतवाडीचे होते, बेळगावचे नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे वर मांडलेला उंचीचा हिशेब आपोआप पटतो. उकाड्याने त्रासलेला अधिकारी तो होता. माथ्यावर तयार मुक्काम होता. रस्ता, पाणी, गाड्या आणि माणसे हाताशी होती. परंतु एका लहान संस्थानाच्या कारभारात गोरे अधिकारी असून असून किती असणार? राजकीय अधिकारी, स्थानिक पलटणीवरचे लष्करी अधिकारी, डॉक्टर, आणि वेंगुर्ल्याच्या बाजूचे काही. एवढ्यांसाठी बंगले उभे राहतात, बाजारपेठ उभी राहत नाही.

महाबळेश्वराशी येथे पुन्हा तुलना केली पाहिजे, कारण फरक येथेच सर्वांत खोल आहे. कर्नल पीटर लॉडविक १८२४ मध्ये तेथे गेला आणि त्याने त्या जागेची प्रसिद्धी केली. परंतु ठिकाण उभे राहिले ते मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्यामुळे. १८२९ मध्ये त्याने सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला, वाईजवळचे खंडाळा गाव देऊन महाबळेश्वरची जागा घेतली, आणि त्याच्या नावाने माल्कम पेठ वसली. पुढे मलाया आणि चीनकडील कैदी आणून त्यांच्याकडून रस्ते आणि बागा करवल्या गेल्या. वेण्णा तलाव १८४२ मध्ये सातारच्या छत्रपतींनी बांधवला. उन्हाळ्यात गव्हर्नर आणि त्याचे सरकार तेथे जाई, म्हणून कारकून जात, म्हणून दुकानदार जात, म्हणून पारशी व्यापारी आणि संस्थानिक बंगले घेत. एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा. या साखळीचे पहिले कडे म्हणजे सरकारने स्वतः डोंगरावर जाणे, आणि जमीन सरकारच्या मालकीची असणे.

आंबोलीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. जमीन संस्थानाची होती. मुंबई सरकारने तेथे पैसा घालावा असे कारण नव्हते. शिवाय रस्ता तीन अमलांतून जाई: वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यातील खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालचा, मुलूख, मधला सावंतवाडी संस्थानाचा, आणि चंदगडापासून पुढे बेळगाव जिल्ह्याचा. अशा रस्त्याची देखभाल सगळ्यांना हवी असते, परंतु रस्त्यावरचे एखादे गाव वाढवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. गावकऱ्यांच्या दृष्टीने याचा परिणाम वेगळा झाला. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांतील जमिनी कबुलायतदार गावकर पद्धतीच्या होत्या. संस्थानाशी झालेल्या कबुलायतीने गावकर सारा भरत आणि जमीन सामाईकपणे कसली जाई. महाबळेश्वरासारखे सगळे पठार आखून, प्लॉट पाडून बंगलेवाल्यांना देण्याची पाळी येथे आली नाही. स्वातंत्र्यानंतर या जमिनींच्या मालकीची गुंतागुंत झाली, १९९९ मध्ये त्यांवर सरकारचे नाव लागले आणि त्याविरुद्ध गावकऱ्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. तो स्वतंत्र विषय आहे आणि त्याला येथे न्याय देता येणार नाही. परंतु आंबोलीच्या वसाहतकालीन इतिहासाचा सर्वांत जिवंत वारसा बंगल्यांमध्ये नाही, तो या सातबाऱ्याच्या भांडणात आहे, असे मला ठामपणे वाटते. पर्यटनाच्या माहितीत त्याचा उल्लेखही नसावा याचा खेद होतो.

सात वर्षे

१८८० च्या सुमारास आंबोलीला आकार येऊ लागला. १८८७ मध्ये सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोचली. १८८८ मध्ये मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतची पोर्तुगीज हद्दीतील रेल्वे पूर्ण झाली आणि लोंढ्यामार्गे बेळगाव थेट समुद्राशी जोडले गेले. १८९० मध्ये पुण्यापर्यंतचा मार्गही पुरा झाला. या तीन घटनांनी वेंगुर्ल्याचा रस्ता मोडीत काढला. मुंबईहून छावणीचे सामान आता पुण्यावरून डब्यात बसून येऊ लागले. कापसाने मुरगावची वाट धरली. मुरगाव बंदर वेंगुर्ल्यापेक्षा सुरक्षित होते आणि पावसाळ्यातही जहाजांना आसरा देणारे होते, त्यामुळे स्पर्धाच उरली नाही. वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला.

आंबोलीवर याचा परिणाम एका दिवसात दिसला नसेल. बंगले राहिले, उन्हाळ्यात सावंतवाडीची मंडळी येत राहिली, गाड्याही पूर्ण थांबल्या नाहीत, कारण कोकणातील गावांना देशावरचे धान्य आणि गूळ लागतच होते. परंतु ज्या मुक्कामाच्या वर्दळीवर एखादे ठिकाण वाढते, दुकाने लागतात, शाळा निघते, डाकघर मोठे होते, ती वर्दळ आटली. थंड हवेचे ठिकाण म्हणून आंबोलीला रस्त्याचा पूर्ण आधार मिळाला तो सात-आठ वर्षे. तेवढ्या काळात माल्कम पेठेसारखी पेठ वसत नाही. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली तेव्हा माथेरानच्या अंगावर रेल्वे आली. आंबोलीपासून मात्र रेल्वेने माणसे दूर नेली. रेल्वेने थंड हवेची ठिकाणे वाढवली असे सरसकट लिहिले जाते. आंबोलीचे प्रकरण त्याला अपवाद आहे, आणि म्हणूनच ते अभ्यासण्यासारखे आहे.

उलटलेला हंगाम आणि विभागलेली दप्तरे

आजची आंबोली पाहिली तर वसाहतकाळातील हंगाम पूर्ण उलटलेला दिसतो. तेव्हा लोक मृगाच्या आधी खाली उतरत. आता मृग लागल्यावर वर जातात. जुलै-ऑगस्टच्या रविवारी बेळगाव, कोल्हापूर आणि गोव्याहून येणाऱ्या गाड्यांनी घाटातील धबधब्याजवळ कोंडी होते, कावळेसादच्या कड्यावर धुक्यात उभे राहायला जागा उरत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत तेच गाव बरेच शांत असते. हा बदल साहेबांच्या आवडीनिवडीने आलेला नाही. पावसाची हौस ही आपली, अलीकडची, मोटारीने आणलेली गोष्ट आहे. संकेश्वर–बांदा राष्ट्रीय महामार्ग आंबोलीवरून गेल्यामुळे गडहिंग्लज-आजऱ्याच्या बाजूने येणारी वाहतूकही आता याच घाटाने उतरते. रस्त्यावर वाढलेले गाव पुन्हा एकदा रस्त्याच्याच हाती आले आहे.

बेळगावकरांनी या इतिहासात मन घालण्याला आणखी एक कारण आहे. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत आपल्याच जिल्ह्यात घटप्रभेला मिळते. पाणी अजूनही पूर्वेला येते. माणसे आणि कागद मात्र वाटले गेले. चंदगडचा भाग १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, राज्यपुनर्रचनेत तो कोल्हापूर जिल्ह्याकडे गेला. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग झाले आणि १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. ज्या रस्त्याने हे ठिकाण घडवले, त्याचा एक तुकडा आज कर्नाटकात आणि दोन तुकडे महाराष्ट्रातील दोन जिल्ह्यांत आहेत, आणि संपूर्ण रस्त्याचा इतिहास सांगणे हे कोणत्याही एका कार्यालयाचे काम राहिलेले नाही.

म्हणून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या येथल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. बंगल्यांची छायाचित्रे गोळा करण्यापूर्वी रस्ता चालून पाहावा. हिंडलग्यापासून वेंगुर्ल्याच्या बंदरापर्यंत जुने मैलाचे दगड, विहिरी, धर्मशाळा, मुक्कामाची माळराने आणि जांभ्याचे जुने पूल यांची नोंद करावी, रस्ता रुंद करताना त्यांतले किती गेले हे गावोगावी विचारावे, आणि चंदगडच्या गाडीवान घराण्यांतील वृद्ध माणसांकडून घाटातील बैलजोड्या, वैरण आणि मुक्कामाच्या आठवणी लिहून घ्याव्यात. कागद पाहायचे तर संस्थानाची आणि इंग्रज अधिकाऱ्यांची दप्तरे मुंबई आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत शोधावी लागतील, आणि जिल्ह्याच्या बाजूचे रस्त्याचे कागद बेळगावात. दोन राज्यांतील तीन ठिकाणी अर्ज करण्याचा हा त्रास घेण्यासारखा आहे, कारण वेंगुर्ल्याची जकात, सावंतवाडीचा जमाखर्च आणि बेळगाव छावणीचा पुरवठा हे तीन आकडे एकाच तक्त्यात मांडून पाहिल्यावरच, रेल्वे आल्यावर आंबोलीवरून जाणारा माल नेमका केव्हा आणि किती घटला, हे ठरवता येईल.